तोंड वाकडे झाले तर पहिले तीन दिवस मोलाचे
(मधुमेही सभासदांसाठी आरोग्यविषयक लेख)



लागण, खोडवा, पाणी, खत आणि उतारा यांविषयी या पानांतून आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय शेताचा नाही, शेतकऱ्याच्या चेहऱ्याचा आहे. माणूस सकाळी उठून चूळ भरायला जातो आणि पाणी एका कडेने गळते. आरशात पाहतो तर तोंड एका बाजूला ओढलेले, एक डोळा मिटता मिटत नाही. घरात घबराट उडते. कुणी म्हणतं वारं गेलं, कुणी म्हणतं लकवा झाला, कुणी बाहेरचं बघायला निघतं. या गडबडीत एक-दोन दिवस निघून जातात. आणि नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

मधुमेह म्हणजे साखरेचा विकार आता आपल्या गावागावांत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा शहरातल्या बैठ्या माणसाचा आजार, अशी समजूत आता सोडून द्यावी. ट्रॅक्टर आला, मोट गेली, दारात मोटारसायकल आली, आणि साखरही आली. ज्यांना साखर आहे त्यांना हा चेहऱ्याचा आजार इतरांपेक्षा अधिक होतो आणि त्याचा उपचारही जरा जपून करावा लागतो. म्हणून हा लेख.

हा आजार आहे तरी काय?

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस प्रत्येक बाजूला एक, अशा दोन असतात. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, फुंकर मारणे ही कामे तिची. ही नस मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद नळीतून चेहऱ्यावर येते. आपल्या विहिरीवरच्या मोटारीची केबल लोखंडी पाइपातून न्यावी, तसेच हे समजा. पाइप पुरता भरलेला आहे आणि आतली केबलच सुजली, तर जागा कुठून मिळणार? हाड काही मागे सरत नाही. नस आतल्या आत दाबली जाते, तिला रक्त कमी पडते आणि ती काम थांबवते. मोटार शाबूत, स्टार्टर शाबूत, पण केबलच दबली म्हणून पाणी बंद. चेहऱ्याचे तसेच होते.

आयुर्वेदात याला अर्दित म्हटले आहे. म्हणजे आजार नवा नाही. चार्ल्स बेल नावाच्या ब्रिटिश शल्यवैद्याने १८२१ साली या नसेचे काम नीट मांडले, तेव्हापासून डॉक्टर मंडळी याला बेल्स पाल्सी म्हणतात. नसेला सूज येण्यामागे बहुतेक वेळा शरीरात दबा धरून बसलेला नागिणीच्या जातीतला विषाणू असावा, असे मानले जाते. मधुमेह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, ते याच कारणाने. अशी आधीच अर्धपोटी असलेली नस सुजली तर ती लवकर हार मानते.

हा नेहमीचा लकवा नव्हे

पक्षाघाताचा लकवा मेंदूतल्या बिघाडाने होतो, बेल्स पाल्सी चेहऱ्याच्या नसेच्या बिघाडाने. दोन्हींत तोंड वाकडे होते, पण दोन्हींची वाट वेगळी. रोग्याला भुवया वर उचलायला सांगा. नसेचा आजार असेल तर त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही आणि डोळाही मिटत नाही. मेंदूचा लकवा असेल तर सहसा कपाळ हलते, फक्त ओठाची कड खाली पडते.

एवढे समजले म्हणून निदान मात्र घरी करत बसू नका. तोंड वाकडे होण्याबरोबर हातात किंवा पायात जोर नसेल, शब्द सुचत नसतील, चालताना झोक जात असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून लगेच १०८ ला फोन करा. रक्ताच्या गुठळीने झालेल्या झटक्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्याआधी सी. टी. स्कॅन करावा लागतो. म्हणून ज्या रुग्णालयात स्कॅन आहे, तिथेच थेट जायचे. मधुमेह्याची साखर फार खाली गेली तरी झटक्यासारखी लक्षणे दिसू शकतात. घरात साखर मोजायचे यंत्र असेल तर एक थेंब रक्त तपासून तो आकडा डॉक्टरांना सांगावा. पण त्यासाठी गाडी थांबवून ठेवू नये.

एका सभासदाची हकिकत

आपल्याच एका सभासदाची ही हकिकत आहे. त्यांच्या संमतीने देतो, नाव देत नाही. वय साठीच्या आसपास, साखर बारा-तेरा वर्षांची. ऐन हंगामात, टोळी फडात उतरलेली असताना, एके सकाळी तोंड वाकडे झाले. तोडणीची पाळी हातची जाईल म्हणून पहिला दिवस फडातच गेला. दुसऱ्या दिवशी गावात कुणीतरी कानात गरम तेल सोडले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावी जाऊन कबुतराचे रक्त गालाला चोळून आले. चौथ्या दिवशी लालबागला राहणाऱ्या भाच्याचा फोन आला.

भाच्याचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पण खोली राहिली. आपल्या भागातली किती घरे अशी परळ-लालबागच्या चाळींशी जोडलेली आहेत, हे सभासदांना सांगायला नको. आजार मोठा वाटला की आपली पावले तिकडेच वळतात.

भाचा म्हणाला, "मामा, आज काय वार? मग चार दिवस काय केलंत?"

"फड चालू होता रे. म्हटलं, आपोआप उतरंल."

"आत्ताच्या आत्ता तालुक्याच्या डॉक्टरकडं जा. मुंबईचं नंतर बघू."

मामांनी मात्र रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. पहाटे दादरला उतरले आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत बसले. पाचवा दिवस उजाडला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले, डोळा पाहिला, साखर तपासली. ती तीनशेच्या पुढे होती. डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून त्यावर ओरखडा आला होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, याचं औषध तुमच्या तालुक्यात मिळतं. इथं येण्यात दिवस गेले, ते मात्र कुठंच मिळायचे नाहीत."

मामा आता बरे आहेत. चेहरा नव्वद टक्के सुधारला, पण हसताना त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो. ते स्वतः म्हणतात, "ऊस तुटल्यावर फडात ठेवला तर वजन घटतं, उतारा घटतो, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय. माझ्या तोंडाचं मात्र मला कळलं नाही."

त्यांचे हे म्हणणे सर्वांनी ध्यानात ठेवावे. तुटलेला ऊस जसा वेळेत गव्हाणीत पडला पाहिजे, तसेच या आजारात औषध ७२ तासांच्या आत पोटात गेले पाहिजे.

औषध कोणते आणि किती उपयोगी?

आधी दिलासा देणारी गोष्ट. कोपनहेगनमधील एका डॉक्टरांनी २५ वर्षे अशा रोग्यांची नोंद ठेवली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. या आजाराच्या १,७०० हून अधिक रोग्यांत काही औषध न देताही ७१ टक्के लोक पूर्ण बरे झाले. म्हणूनच झाडपाला, गंडा, मंतरलेले पाणी, सगळ्यांनाच यश येते! दहांतले सात आपोआपच बरे होणार असतात. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे. त्या तिघांत आपण आहोत की नाही हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. वय जास्त असेल, चेहरा पूर्ण लुळा पडला असेल, तर धोका अधिक.

यावर सिद्ध झालेले औषध म्हणजे प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी. ती नसेची सूज उतरवते. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७२ तासांच्या आत ही गोळी सुरू करून दहा दिवस दिली. नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा गोळी घेतलेल्यांपैकी ९४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. त्याच अभ्यासात विषाणूविरोधी औषध एकटे दिले तर त्याचा उपयोग दिसला नाही. आजार जोराचा असेल तर काही डॉक्टर ते स्टिरॉइडच्या जोडीला देतात. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड असतील तर ती नागीण असते. तिथे हे औषध लागतेच.

मधुमेह्याची खरी अडचण इथे

प्रेडनिसोलोनने साखर वाढते. आजाराला औषध हवे आणि औषधाने दुसरा आजार चढतो, अशी ही कोंडी. यातून दोन चुका होतात. काही जण साखरेच्या भीतीने गोळी घेतच नाहीत. काही जण साखर न बघता औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून गिळतात. दोन्ही वाटा नुकसानीच्या.

स्टिरॉइड वाऱ्यावर सोडले तर काय होते, हे २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने पाहिले. चढी साखर आणि जास्तीचे स्टिरॉइड एकत्र आले आणि काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे आणि जबडे घेतले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत तिच्यासाठी वेगळ्या खाटा ठेवाव्या लागल्या. त्यामुळे गोळी घ्यायची की नाही, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. आपले काम साखरेवर नजर ठेवण्याचे.

ती कशी ठेवायची, हे समजून घेऊ. सकाळी नाश्त्यानंतर घेतलेल्या गोळीचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. खरी साखर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासली पाहिजे. हे दहा-बारा दिवस घरात यंत्र असावे, नसेल तर कुणाकडून मागून आणावे, पण सुई मात्र प्रत्येक वेळी स्वतःची आणि नवी वापरावी. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत. साखर फार चढली तर काही दिवस इन्सुलिन घ्यावे लागेल. "इन्सुलिन एकदा लागलं की कायमचं लागतं" ही भीती चुकीची आहे. स्टिरॉइडपुरते वाढवलेले इन्सुलिन स्टिरॉइड उतरताना कमी करायचेच असते. तसे केले नाही तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. तहान फार लागली, लघवी फार झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगी आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

साखरेची नेहमीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोंड वाकडे झाल्यामुळे जेवण कमी जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण गोळी पुरती आणि जेवण अर्धे, असे झाले तरी साखर घसरते.

डोळा जपा, तोंड नंतर

चेहरा उशिरा सुधारला तरी चालेल, पण डोळा एकदा गेला की परत येत नाही. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ दिवसरात्र उघडे. त्यावर धूळ बसते, ते कोरडे पडते, जखम होते, आणि आपण ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतो ते होते. बऱ्याच मधुमेह्यांच्या बुबुळाची जाणीवही कमी झालेली असते. जखम होते, पण दुखत नाही, म्हणून कळत नाही.

ऊसकऱ्याला हे जास्तच लागू आहे. उसाच्या पानाची करवतीसारखी कड, पाचटाची धूळ, कूस, पाचट पेटवल्याचा धूर, यांतले काहीही उघड्या डोळ्याला सोसणारे नाही. म्हणून डोळा नीट मिटू लागेपर्यंत फडात जाऊ नये. जावेच लागले तर बाजूनेही झाकणारा चष्मा लावावा. दिवसा डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वरचेवर घालावेत. रात्री डोळ्यात मलम घालून, पापणी बोटाने पुरती मिटवून, मगच वर कागदी चिकटपट्टी लावावी. पापणी अर्धवट उघडी ठेवून पट्टी लावली तर पट्टीच बुबुळाला घासते. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात मध, दूध, तूप, गुलाबपाणी असले काही घालू नये.

कानाचे दुखणे हलके घेऊ नका

वयस्कर मधुमेह्याचा कान रात्र-रात्र ठणकत असेल, कानातून पू येत असेल आणि मग तोंड वाकडे झाले असेल, तर तो साधा बेल्स पाल्सीचा आजार नसण्याची शक्यता मोठी. कानातला जंतू हाडात शिरलेला असू शकतो. याला कित्येक आठवडे जंतुनाशक औषधे लागतात, आणि अशा वेळी नुसते स्टिरॉइड दिले तर आग भडकते. म्हणून कान दुखत असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगा. कानात गरम तेल, कांद्याचा रस, लसणाचे तेल घालणे बंद करा. काडी, आगपेटीची तुळी, सायकलची तार यांचेही तसेच.

त्याचप्रमाणे गाल किंवा डोळ्याभोवती सूज, नाकातून काळपट स्राव, टाळूला काळा डाग असे दिसले, तर ती काळी बुरशी असू शकते. तिथे तासांचाही उशीर नको.

मुंबईला केव्हा जावे?

आपल्या लोकांचा परळवर विश्वास आहे आणि तो उगाच नाही. मुंबई महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात सर्व शिक्षक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. इंग्रजी अमदानीत ही लहान गोष्ट नव्हती. डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले अधिष्ठाता. मुंबई सेंट्रलजवळचे नायर, भायखळ्याचे १८४५ पासूनचे जे. जे. ही रुग्णालयेही गरिबाला आधार देत आली आहेत. मधुमेहाच्या बाबतीत मुंबईचे ऋण आणखी एक. डॉ. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईतच उभी राहिली.

तरीही आम्ही सांगतो, पहिल्या तीन दिवसांसाठी मुंबई नको. निदान, गोळी, साखरेची तपासणी, डोळ्याचे मलम हे सारे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होते. उपचार सुरू करून मग पुढचे ठरवा. मोठ्या रुग्णालयाची गरज पुढील वेळी लागते : तीन आठवड्यांत सुधारणेचे चिन्ह दिसले नाही, दुखणे हळूहळू वाढत गेले, दोन्ही बाजू एकदम गेल्या, तोच आजार पुन्हा झाला, कान वाहतो आहे किंवा तीन-चार महिन्यांनंतरही चेहरा सुधारला नाही. अशा वेळी मेंदूविकार, कान-नाक-घसा आणि डोळे हे तिन्ही विभाग एकाच छपराखाली असणे फार सोयीचे पडते.

जायचे झाले तर जुने कागद, साखरेचे आकडे आणि चालू औषधांची पाकिटे बरोबर घ्या. पाहुण्यांकडे जागा नसेल, मुक्काम लांबणार असेल, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. तिथे बाहेरगावच्या, विशेषतः कर्करोगाच्या रोग्यांची गर्दी असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागासाठी लवकर पोहोचावे, आणि मधुमेह्याने उपाशीपोटी रांगेत उभे राहू नये. डबा, पाणी आणि साखर घसरली तर तोंडात टाकायला गुळाचा खडा बरोबर ठेवावा.

धीर आणि व्यायाम

बहुतेकांना तीन आठवड्यांत हालचाल परतताना दिसते, इतरांना तीन ते पाच महिने लागतात. या काळात आरशासमोर बसून हळूहळू भुवया उचलणे, डोळा मिटणे, ओठांचा चंबू करणे, हसणे असे व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावेत. गालावर बोटांनी हलका मसाज चालतो. जोर लावून फुगे फुगवणे, गाल ओढणे, कुणाच्या तरी सांगण्यावरून विजेचे झटके घेणे हे टाळावे. नस परत वाढताना तिच्या तारांची अदलाबदल झाली तर खाताना डोळा मिटतो किंवा पाणी येते. त्यावरही फिजिओथेरपी आणि इंजेक्शनचे उपचार आहेत. जेवताना अन्न दुखऱ्या गालात साठते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर बोटाने गाल साफ करून चूळ भरावी.

घरच्यांसाठीही दोन शब्द. वाकड्या तोंडाचा माणूस लग्नकार्याला जात नाही, सभेला येत नाही, कोपऱ्यात बसतो. त्याला हसू नका. हा आजार शाप नाही, संसर्गाने पसरत नाही, आणि यातून बहुतेक जण बरे होतात.

भिंतीला लावायची टिपणी

१) तोंड वाकडे आणि त्याबरोबर हात-पाय-वाचा बिघडली : लगेच १०८.
२) फक्त चेहरा वाकडा : त्याच दिवशी डॉक्टर, कसेही करून ७२ तासांच्या आत.
३) "मला साखर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. कान दुखत असेल तर तेही.
४) स्टिरॉइड सुरू असताना साखर दुपारी आणि संध्याकाळी तपासा.
५) दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी.
६) कानात तेल नाही, गालाला रक्त नाही, डोळ्यात मध नाही.

शेवटी एक विनंती. ज्यांना साखर आहे त्या सर्व सभासदांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वर्षातून दोनदा तरी करून घ्यावी, आणि ज्यांची साखर कधीच तपासलेली नाही अशा चाळिशीपुढच्या सभासदांनी हा हंगाम संपण्याआधी एकदा तपासावी. तोडणीची पाळी चुकली तर शेजारी, भाऊबंद, गटाचे कर्मचारी मिळून काहीतरी मार्ग काढतील. फड पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. ७२ तासांची पाळी मात्र पुन्हा लागत नाही.